उसाच्या ट्रॉल्या, काळी माती का कमी डांबर? रस्ता कशानं फुटला ते भेगाच सांगतात

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गेवराई-माजलगाव पट्ट्यातला गावचा रस्ता, मेन रोडपासून गावातून पुढं कारखान्याकडं जाणारा, रुंदी पावणेचार मीटर. तीन वर्षांखाली डांबरीकरण झालं, पहिलं वर्ष एकदम गुळगुळीत होता आणि आता चाकोरीत मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडून तुकडे निघायलेत. ठेकेदार म्हणतो उसाच्या डबल ट्रॉल्या आणि वाळूच्या हायवा, खात्याचे साहेब म्हणतात खाली काळी माती आहे, आणि गावकरी म्हणायलेत की डांबरच खाल्लं. आता वरून नवीन कार्पेट, म्हणजे डांबराचा पातळ थर, मंजूर व्हायलंय, तर त्यात व्हीजी-४० हे कडक डांबर नाहीतर प्लास्टिकवालं डांबर टाका अशी मागणी करावी का, हा तुमचा प्रश्न.

मी बरीच वर्षं मराठवाड्यातल्या रस्त्यांच्या कामांवर मटेरियल टेस्टिंग बघतोय, प्लांटवर, साईटवर आणि लॅबमध्ये. सरळ सांगतो, तिघंही थोडं थोडं खरं बोलायलेत आणि तिघांनाही आपापलं उत्तर सोयीचं आहे. फोटोवरून कुणाला दोषी धरता येणार नाही, कारण थर किती जाड आहे, खाली मुरूम किती आणि कसला पडलाय, पाणी कुठून येतं, माल नीट दाबलाय का, गाड्या किती वजनाच्या आहेत, यावर सगळं अवलंबून आहे. पण एक गोष्ट ठामपणे सांगतो, तुमच्या रस्त्याचा इलाज वरच्या इंचभर डांबरात शोधू नका, तो तिथं सापडायचा नाही.

आधी डांबरी थर थकतो म्हणजे नेमकं काय होतं ते बघा. चाक वरून गेलं की थर किंचित खाली वाकतो आणि चाक पुढं गेलं की परत वर येतो. वाकताना थराचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. हा ताण डोळ्याला दिसत नाही, एका मीटर लांबीला पाव मिलिमीटर असं काहीतरी त्याचं माप. एका चाकानं काहीच बिघडत नाही, पण लाखो वेळा तेच झालं की तळाला केसासारखी बारीक भेग सुरू होते आणि हळूहळू वर चढते. म्हणून रस्त्यावर भेग दिसते तोवर आतलं काम बरंच आधी झालेलं असतं. लॅबमध्ये आम्ही डांबरी मालाची आयताकृती कांडी चार ठिकाणी पकडून परत परत वाकवतो आणि तिचा कडकपणा सुरुवातीच्या निम्म्यावर आला की ती थकली असं धरतो. प्रत्यक्ष रस्त्याला लॅबपेक्षा थोडं जास्त आयुष्य मिळतं, कारण दोन गाड्यांच्या मधी त्याला विसावा मिळतो आणि गरम डांबर त्या वेळात बारीक भेगा थोड्याफार परत जुळवून घेतं. पण सीझनमधी रात्रभर एकामागं एक ट्रॉल्यांची रांग लागलेली असते आणि वरून थंडी, तेव्हा हा विसावाही नाही आणि ती ऊबही नाही.

आता मुद्दा असा की तळाला ताण किती येणार हे एकट्या डांबरावर ठरत नाही, खालचा बेस, म्हणजे खडी-मुरमाचा थर, त्याला किती धरून ठेवतो यावर जास्त ठरतं. घरात शहाबादी फरशी बसवताना एका कोपऱ्यात खाली पोकळ राहिलं तर ती तिथंच तडकते, मग फरशी कितीही भारी आणा, तसंच हे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसचं रस्ता डिझाइनच्या नियमांचं जे आयआरसी ३७ आहे, २०१८ चं, त्यातल्या थकव्याच्या सूत्रात ताणाचा घात ३.८९ आहे. म्हणजे तळाचा ताण फक्त २० टक्क्यांनी वाढला तरी आयुष्य निम्म्यावर येतं. बेस थोडा ओला होऊन ढिला झाला की ताण २० टक्के वाढायला काय लागतं! अर्थात हे सूत्र डीबीएमसारख्या घट्ट मिक्सच्या थरासाठी आहे. तुमच्यासारख्या रस्त्यांवर खडीकरणावर बीबीएम (डांबर मारलेल्या मोठ्या खडीचा थर) आणि त्यावर २० मिलिमीटरचं कार्पेट असतं. बीबीएम मोकळ्या पोताचं, त्यातून पाणी जातं, आणि कार्पेट तर वजन पेलायच्या हिशोबात धरतच नाहीत, ते खालच्या थरावर पाणी जाऊ नये आणि गाडी नीट चालावी एवढ्यासाठी असतं. वजन पेलायचं काम खडी आणि मुरमाचंच आहे.

आता ठेकेदाराच्या बोलण्याकडं येऊ, कारण त्यात दम आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० मधी मोठी चाचणी झाली होती, खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून फिरवून रस्ते फोडले. त्यातून चौथ्या घाताचा नियम आला आणि तो अजून सगळीकडं वापरतात. ॲक्सलवरचं, म्हणजे चाकांच्या आसावरचं, वजन दुप्पट केलं तर नुकसान दुप्पट होत नाही, सोळा पट होतं. आपल्याकडं जोडचाकाच्या ॲक्सलला ८० किलोन्यूटन म्हणजे साधारण ८.१६ टन हे एका स्टँडर्ड ॲक्सलचं माप, आणि ट्रॉलीसारख्या एकेरी चाकाच्या ॲक्सलला ६५ किलोन्यूटन, म्हणजे ६.६३ टन.

आता डबल ट्रॉलीचा हिशोब करा. समजा एका ट्रॉलीत १० टन ऊस आणि ट्रॉलीचं स्वतःचं २ टन, झाले १२ टन, दोन ॲक्सलवर सहा-सहा. ६ भागिले ६.६३ चा चौथा घात आला ०.६७. दोन ट्रॉल्यांचे चार ॲक्सल, म्हणजे एका खेपेला साधारण २.७ स्टँडर्ड ॲक्सल. आता त्याच ट्रॉलीत १४ टन ऊस रचला तर ॲक्सलवर आठ टन येतात, एकेक ॲक्सल २.१ चं नुकसान करतो आणि चार मिळून ८.५. ऊस चाळीस टक्के वाढला आणि रस्त्याचं नुकसान तिपटीच्या वर गेलं. ट्रॅक्टरची चाकं मी अजून धरलीच नाहीत.

दिवसाला अशा १४-१४ टन उसाच्या ६० खेपा आणि सीझन १५० दिवसांचा धरला तर एका सीझनला ७६ हजारांच्या वर स्टँडर्ड ॲक्सल झाले. ग्रामीण रस्त्यांसाठी जे आयआरसी एसपी ७२ आहे त्यात रस्त्यांचे ट्रॅफिकनुसार गट पाडलेत, त्यातला एक गट ६० हजार ते १ लाख स्टँडर्ड ॲक्सलचा आहे. हा आकडा रस्त्याच्या पूर्ण डिझाइन आयुष्याचा असतो, साधारण दहा वर्षांचा. तुमचा रस्ता जर या गटात धरून बांधला असेल तर एका सीझनमधीच त्याचं आयुष्य जवळजवळ संपलं. माझे खेपांचे आणि वजनाचे आकडे समजण्यापुरते आहेत हां, पण खरे आकडे मिळवणं अवघड नाही, कारण कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचं भरलेलं आणि रिकामं वजन होतंच.

हायवाचं तर विचारूच नका. कायद्यानं मागच्या जोड ॲक्सलवर २१ टन चालतात, २०१८ मधी ती मर्यादा १९ वरून वाढवली. अशा जोड ॲक्सलचं स्टँडर्ड माप १४८ किलोन्यूटन, म्हणजे १५ टन. म्हणजे कायद्यात बसणारी हायवासुद्धा एका फेरीला पावणेचार स्टँडर्ड ॲक्सल खाते, आणि सहा ब्रास वाळू भरून मागं ३० टन आले तर पंधराच्या वर. गावातल्या जीप, मोटारसायकली, रिकाम्या परतणाऱ्या ट्रॉल्या या हिशोबात नसल्यासारख्याच.

पण इथंच ठेकेदाराला सोडून देऊ नका, आणि साहेबांनाही नाही. कारखाना काही काल रात्रीतून उगवला नाही. रस्ता कारखान्याकडं जातो हे अंदाजपत्रक करताना माहीत होतंच की! तेव्हा ट्रॅफिक मोजलं का, मोजलं असेल तर सीझनमधी मोजलं का, हा खरा प्रश्न आहे. मी अशा मोजण्या बघितल्यात ज्या जूनमधी झाल्यात, ऊस संपलेला आणि वाळूच्या गाड्याही उभ्या, मग आकडा छोटाच येणार.

वेळेचा अजून एक खेळ आहे जो आपल्या भागात फार महागात पडतो. कारखान्यांचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, म्हणजे परतीचा पाऊस नुकताच होऊन गेलेला. काळी माती तेव्हा पाणी पिऊन सगळ्यात मऊ असते. चार दिवस पाण्यात ठेवून सीबीआर, म्हणजे मातीची वजन पेलायची ताकद, काढला तर आपल्याकडच्या काळ्या मातीचा बऱ्याच वेळा २ ते ३ टक्केच येतो. तीच माती एप्रिलमधी दगडासारखी असते. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात जड गाड्या वर्षातल्या सगळ्यात कमजोर रस्त्यावरून जातात, तेही पंधरा-वीसच्या स्पीडनं. गाडी जितकी हळू तितका वेळ वजन एका जागी राहतं आणि डांबर तितकं जास्त वाकतं. माझ्या बघण्यात सीझनचा पहिला महिना रस्त्याचं सगळ्यात जास्त वाटोळं करतो, पुढचे चार महिने फक्त ते उघडं पाडतात.

आता काळी माती. माती फुगते, आकसते, हे खरंच आहे, पण तिच्या भेगा वेगळ्या दिसतात आणि इथं तुम्ही स्वतः जाऊन बघू शकता. मातीनं पडलेली भेग रस्त्याच्या कडेपासून हात-दोन हात आत, रस्त्याच्या लांबीनं सरळ धावते. ती उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात थोडी मिटते. कडेला बाभळी किंवा मोठी झाडं असतील तिथं जास्त, कारण मुळं पाणी ओढतात आणि कडेची माती मधल्या मातीपेक्षा जास्त आकसते. तिला गाड्यांचं काही पडलेलं नसतं, जिथं चाक जात नाही तिथंही ती असते. थकव्याची भेग मात्र चाकोरीतच पडते, आधी एक-दोन बारीक लांब रेघा, मग त्यांना आडव्या जोडणाऱ्या रेघा, मग बोट-दोन बोटांचे चौकोनी तुकडे. तुमच्या फोटोत दोन्ही चाकोऱ्यांत जाळी आहे आणि मधली पट्टी शाबूत आहे, म्हणजे एकट्या मातीवर ढकलता येणार नाही.

जवळपास दुपदरी रस्ता असेल तर अजून एक पुरावा बघायला मिळतो. कारखान्याकडं जाणारी बाजू फुटलेली आणि परत येणारी बाजू चांगली असं दिसलं तर माती तीच, डांबर तेच, ठेकेदार तोच, फरक फक्त भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचा. तुमचा रस्ता एकपदरी आहे, दोन्ही बाजूंनी गाड्या त्याच चाकोरीतून जातात, म्हणून ही सोय तुम्हाला नाही.

तुमच्याकडं पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्या जाळीवर वाकून बघा. ट्रॉली गेल्यावर भेगांतून मातकट पाणी वर येतं का, आणि वाळल्यावर भेगांच्या कडेला रांगोळी ओढल्यासारखी पावडर राहते का. राहत असेल तर तिचा रंग बघा. करड्या रंगाची असेल तर खडीकरणातला कच वर यायलाय, तांबूस-पिवळी असेल तर मुरूम, आणि काळी असेल तर खालची माती थेट खडीत घुसलीय, तिथं बेस म्हणून काही उरलेलंच नाही. ही गोष्ट बघायला लॅब लागत नाही, आणि कुठल्याही रिपोर्टपेक्षा मी हिच्यावर जास्त भरोसा ठेवतो.

हे पाणी येतं कुठून? निम्म्या रस्त्यांवर उत्तर साईडपट्टीत असतं. डांबराच्या दोन्ही कडांना काळ्या मातीचे बांध रस्त्यापेक्षा उंच झालेले असतात, नाली शेतकऱ्यानं बुजवून नांगरलेली असते, त्यामुळं रस्त्यावरचं पाणी रस्त्यातच मुरतं. वरून कॅनॉलचं पाणी असेल, जायकवाडीच्या डाव्या-उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात तर रब्बीत पाळी सुटली की कडेच्या शेतातून बेसमधी पाणी झिरपतं, पाऊस नसतानाही. आणि पाइपलाइनसाठी रस्ता आडवा फोडून वरून मातीनं बुजवलेली चारी! गावकऱ्यांना राग येईल, पण जाळी बऱ्याच वेळा तिथून सुरू होऊन दोन्हीकडं पसरते, हे बघून घ्या.

मग डांबर खाल्लं का? शक्य आहे, पण ते डोळ्यानं ठरत नाही. रस्त्याचा तुकडा काढून एक्स्ट्रॅक्शन टेस्ट केली की डांबराचं प्रमाण कळतं, ठरलेल्या प्रमाणापेक्षा ०.३ टक्के इकडं-तिकडं चालतं, त्याच्या खाली गेलं तर गडबड. डांबर कमी असेल तर खडीवरची फिल्म पातळ होते, लवकर वाळते, ठिसूळ होते. पण अशा रस्त्यावर जाळीच्या आधी खडी सुटते, पहिल्या-दुसऱ्या वर्षीच बारीक खडी कडेला जमा व्हायला लागते. तुमचा रस्ता पहिलं वर्ष गुळगुळीत होता म्हणता, म्हणून मला हे कारण पहिल्या नंबरचं वाटत नाही.

माझ्या अनुभवात डांबर कमी टाकण्यापेक्षा माल कमी दाबला जाणं जास्त चालतं, कारण ते कुणाच्या लक्षात येत नाही. घट्ट मिक्समधी लॅबला ४ टक्क्यांच्या आसपास हवेची पोकळी ठेवून डिझाइन करतात, आणि साईटवर ती ७ पर्यंत जाते, आळस केला तर १० पण. त्याच आयआरसी ३७ च्या सूत्रात पोकळीचा जो भाग आहे त्यात आकडे घालून बघा, बाकी सगळं तेच धरून पोकळी ४ वरून ८ झाली तर थकव्याचं आयुष्य पाचव्या हिश्श्याच्याही खाली येतं. डांबर एक ग्रॅम न चोरता रस्त्याचं आयुष्य खाता येतं ते असं. पोकळी जास्त म्हणजे हवा आत जाऊन डांबर लवकर म्हातारं होतं, आणि पाणी आत जाऊन खडीवरून डांबर सोडवतं. आपला काळा दगड बेसाल्ट असल्यामुळं डांबर त्याला बरं चिकटतं, पण खडी धुळीनं माखलेली असेल तर डांबर दगडाला चिकटतच नाही, धुळीला चिकटतं.

दाबणं सगळं तापमानावर आहे. व्हीजी-३० (व्हीजी-४० पेक्षा मऊ डांबर) चा माल प्लांटवरून १५० ते १६५ अंशाला निघाला पाहिजे, पसरताना १४० च्या खाली नको आणि रोलिंग ९० च्या वर असतानाच आटपलं पाहिजे. आता २० मिलिमीटरचा पातळ थर, डिसेंबर-जानेवारीची रात्र, आपल्याकडं परभणीकडं तर पारा एक आकड्यात येतो, अशात डंपर प्लांटपासून लांब आला असेल आणि रोलरवाला चहाला गेला असेल तर तो माल रोलरखाली नुसता चिरडतो, दाबला जात नाही. थर्मामीटर खिशात ठेवून डंपरच्या मागं उभं राहणारा एक माणूस साईटवर असला तर निम्मं काम होतं, आणि तोच माणूस साईटवर नसतो.

अजून एक गोष्ट कोअर, म्हणजे रस्त्याचा आरपार गोल तुकडा, काढल्यावर लगेच कळते. तुमच्या रस्त्यावर चांगल्या जागी एक आणि जाळीच्या कडेला एक असे दोन कोअर काढायला सांगा. कोअर काढताना दोन थर एकमेकांपासून सुटून हातात आले आणि मधल्या सांध्यावर धूळ दिसली तर टॅक कोट, म्हणजे दोन थर चिकटवायला मधी मारतात तो डांबराचा हात, नीट झाला नाही असं समजा. हे छोटं वाटतं पण हिशोब बघा, ५० मिलिमीटरचा एकसंध थर जितका वाकण्याला विरोध करतो त्याच्या पाव भागच विरोध २५-२५ चे सुटे दोन थर मिळून करतात, कारण जाडीचा इथं घन होतो. पैसे ५० चे गेले आणि काम मात्र एका पातळ थराचं झालं. टॅक कोटला इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) लागतं किती, डांबरी पृष्ठभागावर चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास. तेवढ्यात कंजूषी करतात, नाहीतर झाडून न घेता धुळीवरच मारतात. कोअरच्या भेगेकडंही नीट बघा. भेग तळाला रुंद आणि वर बारीक असेल तर ती खालून वर आलीय, म्हणजे वाकून थकलेली. वर रुंद आणि मधीच संपलेली असेल तर वरचं डांबर वाळून तडकलंय, त्याचा इलाज वेगळा आणि स्वस्त आहे, वरून सील केलं तरी बरीच वर्षं निघतात.

आता व्हीजी-४० आणि प्लास्टिक. व्हीजी-४० कडक डांबर आहे, हायवेवर जिथं डांबराचा थर जाड असतो आणि उन्हाळ्यात चाकोऱ्या दबायची भीती असते तिथं ते चांगलं. जाड थर कडक असला की तो वजन स्वतः पेलतो आणि कमी वाकतो. पण पातळ थराच्या हातात वाकणं नसतंच, खालचा बेस जेवढा दबेल तेवढं त्याला वाकावंच लागतं. अशा ठिकाणी कडक माल म्हणजे लवकर तडकणारा माल. म्हणून ढिल्या बेसवर पातळ कार्पेटमधी व्हीजी-४० मागणं म्हणजे पैसे देऊन भेगा लवकर आणणं, तिथं व्हीजी-३० बरं. प्लास्टिकचं तसंच. मदुराईच्या प्रा. वासुदेवन यांनी सुरू केलेली पद्धत आहे, गरम खडीवर प्लास्टिकचे तुकडे वितळवून मग डांबर टाकायचं, आयआरसी एसपी ९८ मधी डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के असं प्रमाण दिलंय. पाण्यानं डांबर सुटायचं कमी होतं, हा त्याचा खरा फायदा. नीट केलं तर चांगलं आहे, पण खालून काळी माती वर यायलीय तिथं ते काय करणार.

आणि जाळी पडलेल्या रस्त्यावर सरळ कार्पेट टाकलं तर? टिकणार नाही. खालचे तुकडे प्रत्येक चाकाला हलतात, वरच्या नवीन थराला नेमकं त्याच रेषेवर वाकावं लागतं आणि जुनी जाळी जशीच्या तशी वर उमटते, बहुतेक वेळा एका नाहीतर दोन सीझनमधी. उद्घाटनाचा फोटो तेवढा चांगला येतो.

मग काय मागायचं ते सांगतो. आधी किती भाग खरंच फुटलाय ते मोजा, टेप घेऊन, गावातली दोन-चार पोरं घेऊन. डिझाइनमधी चाकोरीच्या भेगांनी २० टक्के क्षेत्र व्यापलं की रस्ता थकला असं धरतात. तुमचा त्याच्या बराच खाली असेल आणि जाळी ठराविक जागी असेल तर ते तुकडे चौकोनी कापून, खाली घट्ट लागेपर्यंत खोदून, ओला झालेला मुरूम-माती काढून टाकून नवीन जीएसबी (सगळ्यात खालचा मुरूम-खडीचा थर) आणि खडीचा थर दाबून भरायचा, प्राइम करायचं (खडीवर पातळ डांबर मारायचं) आणि मग वर डांबर, आणि सगळं झाल्यावर पूर्ण लांबीला कार्पेट. हे पॅचचं काम कुणाला आवडत नाही, बिल छोटं आणि कटकट मोठी, पण पैसा इथंच वसूल होतो.

निम्म्याच्या वर लांबीला जाळी असेल तर पॅच करत बसू नका. तिथं बेंकेलमन बीम किंवा एफडब्ल्यूडी लावून रस्ता किती वाकतो ते मोजायचं आणि त्यावरून वर किती जाडी द्यायची ते काढायचं, पावसाळा संपता संपता मोजायचं, मे महिन्यात नाही, कडक मातीवर सगळेच रस्ते पास होतात. जुना बेसच ढवळून सिमेंट मिसळून परत दाबायची एफडीआर पद्धत उत्तर प्रदेशात ग्रामीण रस्त्यांवर बरीच वापरलीय, खर्च आणि मशीन परवडलं तर आपल्याकडंही विचार करण्यासारखी आहे, फक्त खाली काळी माती जास्त मिसळली गेली तर सिमेंट तिच्यावर वाया जातं, तिथं आधी चुन्याचा विचार करावा लागतो. कारखान्याच्या गेटजवळ जिथं ट्रॉल्या रांगेत तासन्‌तास उभ्या राहतात तेवढा पट्टा सरळ काँक्रीट मागा, उभ्या वजनाखाली डांबर दबणारच.

दोन्हीपैकी काहीही झालं तरी साईडपट्टी रस्त्यापेक्षा खाली, मुरमाची, बाहेर उतार असलेली, आणि नाली उघडी, हे त्याच अंदाजपत्रकात पाहिजे, नंतर करू म्हणतील तर मानू नका. पाइपलाइनवाल्यांसाठी ठरावीक अंतरावर रस्त्याखालून मोठे पाइप आडवे टाकून ठेवा, म्हणजे कुणी रस्ता फोडणार नाही. हा खर्च एका पॅचपेक्षा कमी येतो.

कागदाचं म्हणाल तर माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा. अंदाजपत्रकासोबतचं ट्रॅफिक मोजमाप आणि सीबीआरचे रिपोर्ट, मोजमाप पुस्तिकेतल्या थरांच्या जाड्या, आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्ती करायची मुदत, कधी संपतो ती तारीख. शेवटचं आधी बघा, कारण तीन वर्षं झालीत म्हणता. ग्राम सडक योजनेतला रस्ता असेल तर पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडंच असते, मग मंजूर व्हायलेलं कार्पेट सरकारच्या पैशानं कशाला, हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. दुसऱ्या हेडमधला असेल तर मुदत वेगळी असते.

जाळीच्या कडेला दोन फूट बाय दोन फुटाचा एक खड्डा खात्याच्या माणसासमोर घ्यायला लावा आणि थर मोजून घ्या. त्याचा फोटो इथं टाका, पण खड्ड्यात उभी मोजपट्टी ठेवून काढा आणि तळातली माती मुठीत दाबून तिचाही फोटो घ्या, लाडू वळला का भुगा झाला ते दिसलं पाहिजे. त्यावरून पॅच पुरेल का पूर्ण रस्ता उकरावा लागेल हे बऱ्यापैकी सांगता येईल.